बारदान काढून मोजलेलं प्रेशर

आमच्या घरी कालवण नसेल त्या दिवशीही मीठ असायचं. गुलटेकडीच्या वस्तीत आमची पत्र्याची खोली होती. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल होते. आई तिथेच गाळ्यांपुढे सांडलेलं धान्य झाडून गोळा करायची, पाखडायची आणि संध्याकाळी ओच्यात घेऊन घरी यायची. त्यात ज्वारी असायची, गहू असायचा, मधूनच हरभऱ्याचा एखादा दाणा. सगळं एकत्र दळलं जायचं. त्या पिठाच्या भाकरीला काही चव नव्हती म्हणून मिरची आणि मीठ वाटून वर तेलाचा थेंब टाकायचा. तेल नसेल तर पाणी. महिनाअखेरीला हेच जेवण, आणि महिन्याचा शेवट आमच्याकडे लवकर यायचा.

दादांना ताटात वरून आणखी मीठ लागायचं. "घाम गाळणाऱ्याला मीठ पायजे, न्हाईतर पायात गोळे येत्यात," असं ते म्हणायचे. यार्डातले सगळेच हमाल म्हणायचे आणि त्यांच्यापुरतं ते खोटं नव्हतं. उन्हाळ्यात दादा घरी येऊन बंडी काढून दोरीवर टाकायचे, ती वाळली की पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटलेले असायचे. आई त्या बंडीकडे बघायची आणि ताटात चिमूटभर मीठ जास्त वाढायची. जेवढं अंगातून गेलं तेवढं परत घालायचं, असा साधा हिशेब होता.

पुढे पोती उचलून दादांची कंबर गेली. चौथीपर्यंत शिकलेले होते, आकडे चांगले वाचता यायचे, म्हणून ते तोलणार झाले. तोलणार म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर घालून वजन सांगणारा माणूस. शेतकरी एका बाजूला उभा, अडत्या दुसऱ्या बाजूला आणि दोघांची नजर तोलणाऱ्याच्या तोंडाकडे. दादांना हे काम फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांचं म्हणणं ऐकून घेत होते. काटा हलायचा थांबेपर्यंत ते बोलत नसत. मग पोत्याचं म्हणजे बारदानाचं वजन वजा करायचे आणि निव्वळ मालाचा आकडा मोठ्याने सांगायचे. "बारदान काढल्याशिवाय माप खरं न्हाय," हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय, की शाळेत वजाबाकी शिकवली तेव्हा मला ती आधीच येत होती. कुणी अडत्याने गमतीत काट्याच्या फळीवर बूट टेकवला तरी दादा माप सोडून बाजूला उभे राहायचे. "तुमचं झालं की सांगा, मग मी मोजतो."

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली, आणि वस्तीतल्या मुलींमध्येही पहिलीच. विहारात माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. त्या वेळी पुण्यात जिकडे तिकडे कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. मीही एक केला आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या कामाला लागले. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या, असं ते काम. दादांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तू बी तोलणारच की." मला ते पदवीपेक्षा बरं वाटलं.

कंपनी मोठी झाली आणि हिंजवडीला गेली. मी आणि माझ्या मिस्टरांनी वारज्यात फ्लॅट घेतला आणि आई-दादांना तिथे आणलं. लेकीच्या घरी राहायला दादा सहजी तयार नव्हते. पण तोवर त्यांनी काम सोडलं होतं. काढून कुणी टाकलं नव्हतं. यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आले होते, लाल आकडे चमकणारे, आणि ते आकडे दादांना धूसर दिसायला लागले. एकदा आठाचा तीन वाचला. शेतकऱ्याने लगेच चूक दाखवली, नुकसान कुणाचं झालं नाही. पण त्या दिवशी घरी येऊन त्यांनी डोक्यावरची टोपी काढून ठेवली आणि म्हणाले, "ज्याला काटा दिसत न्हाय त्यानं माप सांगू नये."

डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकत आलेला. ऑपरेशन सोपं, त्याच दिवशी घरी. आम्ही सगळे खूश. तारीख मिळाली, दादा न्हाऊन-धुऊन, पांढरा सदरा घालून तयार झाले. तिथल्या सिस्टरने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, परत फुगवला आणि आत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. एकशे नव्वद-एकशे दहा.

"काही त्रास होत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला? कसला? दिसत न्हाय एवढंच."

"डोकं दुखतं, छातीत धडधडतं, असं काही?"

"न्हाय बा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. एवढ्या प्रेशरवर डोळ्याला हात लावायचा नाही, म्हणाले. शिवाय मोतीबिंदूतून जेवढं दिसतंय तेवढ्यावरून वाटतं, की मागच्या पडद्यावरही प्रेशरचा परिणाम सुरू झालाय. मोतीबिंदू काढला की दिसेल, पण पडदा खराब झाला तर ते परत येणार नाही. "आधी हे खाली आणा. आणि लवकर आणा."

तेव्हापासून आमच्या घरात 'खाली आणणं' हेच काम झालं.

वारज्यात आमच्या सोसायटीपासून जवळ एका बाईंचा दवाखाना होता. पन्नाशीच्या डॉक्टर, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी दादांची सगळी चौकशी केली. तंबाखू? खातो. कधीपासून? मिसरूड फुटायच्या आधीपासून. मीठ? लागतं. झोप? यार्डाचं काम पहाटे सुरू होतं, झोप कुठली. आई-वडिलांना प्रेशर होतं का? "ते मोजायला कोण गेलतं," दादा म्हणाले, "बाप एकाएकी गेला. वावरात." डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि लिहायला लागल्या.

मी विचारलं, "पण नेमकं कशामुळे झालं?"

"एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, बहुतेकांच्या बाबतीत. थोडं रक्तातून येतं, थोडं ताटातून, थोडं कामातून, आणि थोडं तोंडातल्या तंबाखूतून. वर्षानुवर्षं साठत जातं. रक्तवाहिन्या कडक होत जातात आणि माणूस म्हणतो मला काही होत नाही." मग दादांकडे बघून, "आपल्याला काही होत नाही हीच या आजाराची अडचण आहे, आजोबा. दुखलं असतं तर आपण दहा वर्षांपूर्वी आला असता."

एक गोळी सुरू झाली. रोज सकाळी, न चुकता, आणि बरं वाटलं तरी बंद करायची नाही. गोळी द्यायची जबाबदारी आईने घेतली. मी पहाटे उठून डबा करून कंपनीच्या बसला पळायचे आणि संध्याकाळी फोनवर विचारायचे, "दिली का गोळी?" आई म्हणायची, "दिली." तिने खरंच दिलेली असायची.

महिन्याने दाखवायला गेलो. एकशे अठ्ठ्याऐंशी. गोळी वाढवली. परत गेलो. जैसे थे. दुसरी गोळी जोडली. मूत्रपिंडाची तपासणी, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, सगळं केलं. कुठे काही सापडलं नाही. दर वेळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, हिंजवडीहून दोन बस बदलून यायचं, दवाखान्यात नंबर लावून बसायचं, आणि शेवटी तोच आकडा. माझा मॅनेजर चांगला होता, पण तोही एकदा म्हणाला, "तुझ्या वडिलांचं प्रेशर आपल्या रिलीज डेटशी जोडलेलं आहे का गं?"

मध्ये डोळ्यांच्या ऑपरेशनची पुन्हा तारीख घेतली, या आशेवर की निदान त्या दिवशी तरी आकडा बरा येईल. पण आकडा तोच, ऑपरेशन न होताच तिथून परत आलो. दादा रिक्षात कडेला बसले होते. डोळे ताणून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "हे वारजं आलं का?" आम्ही अजून कर्वे रोडलाच होतो.

घरी त्यांचं दुसरंच काहीतरी चाललं होतं. कधी कधी उठले की त्यांना गरगरायचं. एकदा बाथरूमच्या दारात तोल गेला, कोपर फुटलं. आई म्हणाली, गोळ्याच त्यांना सोसत नाहीत. मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "एकशे ऐंशी-नव्वद प्रेशरवाल्याला प्रेशर कमी झाल्यावर यावी तशी चक्कर येते? मला काही कळत नाही." आणि मग तो प्रश्न, जो मला अजून टोचतो. "घरात कुणी शिकलेलं आहे ना? गोळ्या कुणी बघून देतं का?"

"मी बी.एस्सी. आहे," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण बाहेरची माणसं आत बघायला लागली.

"मग आपल्याला माहीत असेलच," त्या म्हणाल्या आणि तिसरी गोळी लिहिली.

मिठाची वेगळीच लढाई. डॉक्टरबाईंनी लोणचं, पापड, सुकट, फरसाण बंद सांगितलं होतं. वरून मीठ तर अजिबात नाही. आईला हा स्वतःचा अपमान वाटला. "मीठ कमी पडलं की माणूस म्हणतो, बाईनं मन लावून केलं न्हाय," ती म्हणायची. पहिल्या आठवड्यात दादा ताट पुढे ढकलून म्हणाले, "आजाऱ्याचं जेवण हाय हे." आई म्हणाली, "मग आजारी हायच की तुम्ही." "मला काय झालंय?" "लेक सांगती त्ये." हे दोघं असं माझ्या देखत माझ्यावरून भांडायचे आणि मी कामानिमित्त आलेल्या पाहुणीसारखी दोघांच्या मध्ये बसून मुकाट्याने अळणी वरण खायची.

हळूहळू आईने लिंबू पिळायला सुरुवात केली, कोथिंबीर-जिरं वाढवलं. सुकट तिने कागदात बांधून शेजारणीला दिली आणि आठवडाभर तिच्याशी बोलली नाही, कारण शेजारीण रोज सुकट भाजायची. तंबाखूची पुडी दादांनी सोडली नाही. लपवत मात्र नव्हते. "ती माझी आणि माझ्या दाताची बाब हाय."

याच काळात आमच्या कंपनीत वार्षिक तपासणी होती. रांगेत उभं राहून दंड पुढे करायचा. माझा आकडा आला एकशे अठ्ठावन्न-शंभर. माझी चाळिशीही उलटली नव्हती. शेजारचा सहकारी म्हणाला, "अप्रेझलच्या आधी मोजलं का नंतर? नंतर परत मोज." सगळे हसले, मीही हसले. खुर्चीत येऊन बसले आणि माझ्या ड्रॉवरकडे बघितलं. वेफर्स, खारे शेंगदाणे, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांची पाकिटं. अमेरिकेचा कॉल संपेपर्यंत कॅन्टीन बंद व्हायचं, मग हेच जेवण. दादांचं मीठ निदान घामावाटे जायचं. एसीत बसणाऱ्या माझं कुठून जाणार होतं? मी खुर्चीतून उठायची ती फक्त मीटिंगला जायला.

मला वाईट वाटलं ते आजाराचं नव्हे. वस्तीतून निघाले, शिकले, आईला झाडलोट सोडायला लावली, आणि घरातून नको ती एकच गोष्ट बरोबर घेऊन आले, असं वाटलं.

मी त्याच डॉक्टरबाईंकडे गेले. दोन-तीनदा मोजून, खात्री करून त्यांनी मलाही एक गोळी सुरू केली. त्यामुळे पुढच्या खेपेला दादा आणि मी एकाच वेळी दाखवायला गेलो. शनिवार होता. सकाळच्या गडबडीत माझी गोळी घ्यायची राहिली होती. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर आठवलं. मी पर्समधून गोळी काढली, पाण्याची बाटली उघडली आणि तोंडात टाकणार एवढ्यात दादांनी माझं मनगट धरलं.

"आगं, काय करती?"

"गोळी घेते, दादा. सकाळी राहिली."

"आत्ता? मापाच्या आधी?"

"कसलं माप?"

"ती बाई आता मोजणार न्हाय का? आधी गोळी घेऊन बसलीस म्हंजे चोरी झाली की. फळीवर पाय देऊन वजन केल्यासारखं."

त्यांना नीट दिसत नव्हतं, पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी ओळखत होते. बूट टेकवणाऱ्या अडत्याकडे ते असंच बघायचे.

मी बाटलीचं झाकण लावलं. मग विचारलं, "तुम्ही घेतली ना सकाळची?"

"न्हाय! दाखवायला यायचं म्हटल्यावर दोन-चार दिवस आधीच बंद असत्यात. औषधाचं बारदान काढायला पायजे का नको? न्हाईतर बाईला खरं काय कळणार?"

"दर वेळी?"

"मग? मी काय आज तोलणार झालो?"

"आईला माहितीये?"

"तीच काढून ठेवती. ऑपरेशनला उपाशीपोटी या म्हटलं हुतं, तवा तर तिनं आठवडाभर आधीपासनं एक बी गोळी दिली न्हाय. पोट कसं साफ असावं."

लपवलेलं काहीच नव्हतं. मी रोज विचारायची गोळी दिली का, आणि एरवी ती दिलेली असायची. बंद ठेवलेल्या दिवशीही आई फोनवर म्हणायची, "दवाखान्याची तारीख आली ना, तवा न्हाय." मी ऐकायची की तारीख आली, त्या गडबडीत बोलायला वेळ नाही. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घेता का, तर दादा म्हणायचे, घेतो. खोटं कुणी बोललं नाही. बाकावर बसल्या बसल्या मला हसू यायला लागलं, आणि हसताना कळलं की हे हसू नाहीये.

आत गेल्यावर मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि दादांना विचारलं, "आजोबा, आपण काय काम करत होता म्हणालात?"

"तोलणार. मार्केट यार्डात."

"मग मला सांगा. एखाद्याने तुमच्या काट्यावर रिकामं पोतं ठेवलं आणि म्हणाला, माल घरी ठेवून आलोय, तुम्ही वजन सांगा. तर काय कराल?"

"हाकलून देईन."

"मी हाकललं नाही, माझं चुकलं. आपलं प्रेशर किती आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आजोबा. ते मला परत मोजायचं नाहीये. मला माझी गोळी मोजायचीये. ती काम करते की नाही, जास्त होते की कमी. माल ती आहे. आपण दर वेळी माल घरी ठेवून, बारदान माझ्या काट्यावर घालत होता."

दादा गप्प झाले. माप देताना काटा थांबायची वाट बघत ते जसे गप्प व्हायचे तसे. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. मग ते म्हणाले, "आणि तुम्ही बारदानावरच भाव वाढवत गेला."

"अगदी बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मग घरी आपण तो वाढवलेला माल सगळा खाल्ला आणि बाथरूममध्ये पडलात."

अशी ती चक्कर होती. दवाखान्यात गोळ्या बंद करून येणारा माणूस बघून गोळ्या वाढत गेल्या, आणि घरी त्या वाढलेल्या गोळ्या घेतल्या की प्रेशर एकदम उतरायचं. शिवाय मधूनच बंद केल्याने ते उसळायचं, ते वेगळंच. डॉक्टरबाईंनी एक गोळी काढून टाकली, दुसरीचा जोर कमी केला आणि सांगितलं, रोज घ्यायची, मापाच्या दिवशी तर घ्यायचीच, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा, घोटभर पाण्याबरोबर. दादांनी ते त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. "ऑपरेशनच्या दिवशी बी?" "ऑपरेशनच्या दिवशी बी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'बी' ऐकून दादा पहिल्यांदा हसले.

जाताना त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला त्या दिवशी शिकलेलं कुणी आहे का म्हणून विचारलं. त्याऐवजी त्यांना विचारायला हवं होतं, आज सकाळी काय घेतलंत. आपण दोघींनीही तो प्रश्न विचारला नाही." दोघींनीही म्हणाल्या, तेवढं मला पुरलं.

आईला घरी समजावणं जास्त अवघड गेलं. "पण माप खरं नको का?" ती परत परत विचारत होती. मी समजावून थकले. शेवटी दादाच म्हणाले, "आगं ए, माल गोळी हाय, मी बारदान हाय." तिला ते एकदम पटलं. "ते खरं हाय," ती म्हणाली.

मी घरी प्रेशर मोजायचं मशीन आणलं. दादांचा त्यावर विश्वास नव्हता. डॉक्टरबाईंचं पाऱ्याचं मशीन त्यांना पटायचं, कारण त्यात पारा चढतो, उतरतो, थांबतो. "हे आकडा सांगतंय, काटा दाखवत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. तरी मोजायला बसले की नियम त्यांचेच. आधी पाच मिनिटं निवांत बसायचं. चालून आल्या आल्या मोजायचं नाही. पाठ टेकवायची, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाय जमिनीवर. मोजताना कुणी बोलायचं नाही. हे सगळं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, पण दादांना ते आधीपासून माहीत असल्यासारखं वाटायचं. माझ्या मिस्टरांनी एकदा मध्येच विचारलं, "चहा टाकू का?" तर दादा म्हणाले, "माप बिघडलं. परत."

मीही त्यांच्या शेजारी बसून माझं मोजायला लागले. ड्रॉवरमधली पाकिटं काढून टाकली, सगळी एकदम नाही, आधी वेफर्स, मग शेंगदाणे. संध्याकाळचे कॉल घरून घ्यायची परवानगी मागितली. दोनदा नकार मिळाला, तिसऱ्यांदा मिळाली. सकाळी दादांना घेऊन कालव्याच्या कडेने चालायला जायची. ते माझा हात धरायचे, म्हणायचे आधारासाठी नाही, तू पडशील म्हणून. तंबाखू एकदम सुटली नाही. कमी झाली, वाढली, परत कमी झाली. आकडा पण असाच. एकशे साठ, एकशे पन्नास, मध्येच एका लग्नातल्या जेवणानंतर परत एकशे सत्तर. मला वाटलं होतं, चूक सापडली की प्रोग्रॅम चालतो. इथे तसं नव्हतं. चूक सापडल्यावरही रोज सकाळी उठून तेच करायचं होतं, आणि त्याचा शेवट कुठे दिसत नव्हता. मी थकून गेले होते. आई थकली होती. दादा थकले होते की नाही ते कधीच सांगत नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी आईने सकाळी गोळी आणि घोटभर पाणी दादांच्या हातात दिलं आणि ती घेतली का ते उभी राहून बघितलं. डोळ्यांच्या दवाखान्यात त्याच सिस्टरने पट्टा बांधला. दादांनी तिला थांबवलं. "बाई, आधी पाच मिनिटं बसू द्या." ती घड्याळाकडे बघून थांबली. मग फुगवलं. एकशे अडतीस-चौऱ्याऐंशी. त्यांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. काही आठवड्यांनी दुसरा डोळाही झाला. पडद्याला जे झालं होतं ते तसंच राहिलं, उजव्या डोळ्याने बारीक अक्षर लागत नाही. पण डाव्याने पेपर वाचतात, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. दुसऱ्या डोळ्याची पट्टी काढल्यावर घरी आले ते आधी टेबलाजवळ जाऊन बसले आणि दंडाला पट्टा स्वतः बांधला. मशीन थांबेपर्यंत बोलले नाहीत. मग मशीन जवळ ओढून आकडा वाचला. "एकशे चौतीस. खाली ब्याऐंशी." आणि आईला म्हणाले, "बरोबर हाय का बघ." आईला वाचता येत नाही. तिने मशीनकडे बघितलं आणि म्हणाली, "बरोबर हाय."

आता दादा दोन गोळ्या घेतात, मी एक. दोघांचं प्रेशर आटोक्यात आहे आणि दादांना दिसतं.